गोदावरीच्या मुखाशी पक्षी मोजताना: वर्षानुवर्षं निरीक्षण करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्यातल्या बहुतेकांना ती माहीत असते ती वरच्या अंगाला: नाशिकचं रामकुंड, निफाडचं नांदूर मध्यमेश्वर, पैठणचा नाथसागर. खाली आंध्रात, राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरम बंधाऱ्यानंतर, तिच्या गौतमी आणि वसिष्ठा अशा दोन मोठ्या शाखा होतात. समुद्राजवळ या शाखांना आणखी फाटे फुटतात आणि चिखल, खारफुटी, खाड्या, वाळूचे दांडे यांचा एक विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश तयार होतो. काकिनाड्याजवळचं कोरिंगा अभयारण्य याच पट्ट्यात आहे. 1978 साली ते जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र सुमारे 235 चौरस किलोमीटर आहे. पूर्वेला होप आयलंड नावाचा सुमारे 16 किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा काकिनाड्याच्या उपसागराला आडोसा देतो. हिवाळ्यात या उघड्या चिखलावर सैबेरियापासून आलेले पक्षी पोट भरतात.

अशा जागी एकदा जाऊन यादी करून येणं सोपं आहे आणि त्यात आनंदही आहे. हा लेख मात्र त्याच जागी पाच, दहा, वीस वर्षं जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. हे काम पक्षी ओळखण्यातल्या हुशारीपेक्षा एकसारखेपणावर जास्त उभं असतं. तीच जागा, तीच पद्धत, तेवढाच वेळ. आणि त्रिभुज प्रदेशात याला आणखी एक अट जोडावी लागते: समुद्राचं पाणी त्याच पातळीवर असताना. ही शेवटची अट नवख्यांच्या ध्यानात येत नाही आणि कष्टानं जमवलेले आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. म्हणून भरती-ओहोटीबद्दल पुढे जरा विस्तारानं लिहिलं आहे.

आधी प्रश्न, मग दुर्बीण

‘सगळे पक्षी बघायचे’ हा प्रश्न होत नाही. ‘ग्रेट नॉट (चिखलावर खाणारा एक स्थलांतरित पक्षी) दर हिवाळ्यात इथे किती येतात?’, ‘पाणचिरे (इंडियन स्किमर) कोणत्या महिन्यात येतात आणि कधी निघून जातात?’, ‘कोरल (कर्ल्यू, लांब वाकड्या चोचीचा पक्षी) कमी होताहेत का?’ हे प्रश्न आहेत. एक किंवा दोन निवडा. बाकीच्या पक्ष्यांची नोंद होतच राहील, पण वेळापत्रक या प्रश्नांवरून ठरेल.

असे प्रश्न किती महत्त्वाचे असतात ते दक्षिण कोरियाच्या सेमान्गम खाडीवरून कळतं. मान्ग्योंग आणि डोंगजिन या दोन नद्यांच्या मुखाशी 33 किलोमीटरची भिंत बांधून 2006 साली समुद्र अडवला गेला. सैबेरियाकडे जाणारे ग्रेट नॉट तिथल्या चिखलावर उतरायचे. चिखल गेला तरी पक्षी शेजारच्या खाड्यांत सरकतील, असं काहीजण म्हणत होते. स्वयंसेवक आणि अभ्यासकांनी सेमान्गममध्ये आणि शेजारच्या खाड्यांत लागोपाठ तीन वर्षं एकाच पद्धतीनं मोजणी केली. पक्षी शेजारी सरकलेच नव्हते. ते जिथे हिवाळा काढतात त्या ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांवरही आकडे घटले. ग्रेट नॉट आज जागतिक पातळीवर धोक्यातल्या पक्ष्यांत गणला जातो, त्यामागे या मोजणीचा मोठा वाटा आहे. भिंत बांधण्याआधीचे आकडे कुणी नोंदवले नसते, तर काय गेलं हे सांगताच आलं नसतं.

भारतातलं जवळचं उदाहरण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला, तमिळनाडूतल्या कोडिक्करै इथे आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) डॉ. सालिम अलींच्या पुढाकारानं 1950च्या दशकाच्या अखेरीस पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला आणि कोडिक्करै हे त्या कामाचं एक मुख्य ठिकाण बनलं. एकाच दलदलीकडे इतकी वर्षं पाहत राहिल्यामुळेच तिथल्या छोट्या वेडरांची, म्हणजे चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांची, संख्या 1980च्या दशकाच्या मानाने खूप घटली, हे आज पुराव्यानिशी म्हणता येतं.

सराव घराजवळ करा

काकिनाडा, यानम, विशाखापट्टणम किंवा हैदराबादला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांना कोरिंगा सहज गाठता येतं. इतरांनी तिथे वर्षातून एकदा, जानेवारीत जायचं ठरवलं तरी चालेल. दर वर्षी त्याच पंधरवड्यात केलेल्या एका चांगल्या मोजणीची किंमत वर्षभरातल्या दहा विस्कळीत फेऱ्यांहून जास्त असते. पण गर्दीच्या थव्यापुढे पहिल्यांदा उभं राहण्याआधी हात बसलेला हवा.

त्यासाठी नांदूर मध्यमेश्वरसारखी शाळा नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बंधारा बांधला गेला आणि त्यामागे गाळ साचून बेटं, उथळ पाणी, पाणवनस्पतींची गचपणं तयार झाली. समुद्रापासून इतक्या दूर नदीनं केलेली ही त्रिभुज प्रदेशासारखीच रचना आहे. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. चापडगावच्या मनोऱ्यांवरून थापट्या, तलवार बदक, वारकरी, गॉडविट, शेकाट्या यांचे मिश्र थवे मोजायला मिळतात. तिथे भरती नसते. तरी बंधाऱ्यातल्या पाण्याची पातळी आवर्तनांप्रमाणे वरखाली होते, तीही प्रत्येक वेळी लिहायची सवय लावा. खाली गेल्यावर हीच सवय कामाला येते.

जागेचे तुकडे पाडा

नकाशा समोर ठेवा आणि एका माणसाला एका भरतीत मोजता येईल एवढाच भाग निवडा. कोरिंगाचं अख्खं अभयारण्य मोजायचा हट्ट धरू नका. खारफुटीतली लाकडी पायवाट, एखादी खाडी, उपसागराकडचा चिखलाचा एक पट्टा, वाळूच्या दांड्याची आतली बाजू, मागच्या मत्स्यतळ्यांचा एक गट: असे चार-पाच तुकडे पुरेत. प्रत्येकाला क्रमांक द्या, प्रत्येकात उभं राहायच्या जागा ठरवा, त्यांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. तुकड्यांच्या सीमा अशा निवडा की दहा वर्षांनी आलेल्या परक्या माणसालाही त्या सापडतील. पूल, दीपगृह, खाडीचं तोंड अशा खुणा चालतात.

वाळूच्या दांड्याबाबत एक अडचण कायमची आहे. दांडा हलतो. लाटा एका बाजूनं कापतात, दुसऱ्या बाजूला भर टाकतात, आणि वरच्या धरणांमुळे गोदावरी आता पूर्वीइतका गाळ समुद्रापर्यंत आणत नाही, त्यामुळे मुखाजवळचा किनारा काही ठिकाणी मागे सरतो आहे. तेव्हा इथे बिंदू न ठरवता ‘दांड्याचं उत्तर टोक’ अशी व्याख्या ठरवा आणि दर हिवाळ्याच्या पहिल्या मोजणीला त्या टोकाचे अक्षांश-रेखांश नव्यानं लिहा. पक्षी कुठे सरकले आणि त्यांच्या पायाखालची जमीन कुठे सरकली, हे दोन्ही त्यातून कळतं.

भरतीचं गणित

वेडर घड्याळ पाळत नाहीत. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते किलोमीटरभर पसरतात आणि दिवस असो वा रात्र, खात राहतात. भरतीचं पाणी चढलं की मागे सरतात आणि शेवटी एखाद्या कोरड्या जागेवर दाटीनं विसावतात. मोजायची वेळ हीच. पूर्ण भरतीच्या आधी सुमारे दोन तास ते नंतर एक तास या काळात थवे एकत्र असतात आणि बऱ्यापैकी स्थिर बसलेले असतात. ओहोटीला केलेली मोजणी निरुपयोगी नसते, कुठे खातात हे तिच्यातूनच कळतं. पण ती वेगळी मोजणी आहे. दोन्हींचे आकडे एका रकान्यात भरू नका.

पूर्व किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते आणि पाणी कमी चढतं. काकिनाड्याला भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या मानाने बराच कमी असतो. त्यावरून इथे भरतीचा फारसा प्रश्न नाही असं समजू नका. चिखल इतका सपाट आहे की पाणी वीतभर चढलं तरी त्याची कड दूरवर आत येते. उधाणाला एखादी विसाव्याची जागा पूर्ण बुडते आणि तिथला सगळा थवा तिसरीकडेच जातो. भांगाला उलटं होतं: चिखलाचा काही भाग उघडाच राहतो, काही पक्षी विसाव्याला येतच नाहीत आणि तुमचा आकडा कमी भरतो. गेल्या वर्षी उधाणाला मोजलं आणि यंदा भांगाला, तर फरक पक्ष्यांतला की पाण्यातला हे कुणालाच सांगता येणार नाही.

उपाय सोपा आहे. मोजणी तारखेवर न बांधता तिथीवर बांधा. ‘पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया-चतुर्थी’ असं एकदा ठरवलं की भरतीची उंचीही साधारण सारखी मिळते आणि दिवसातली वेळही. घरातल्या तिथीच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या मोजण्या आधीच खुणावून ठेवता येतात. नेमकी वेळ आणि उंची मात्र तक्त्यातूनच घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरतीचे तक्ते छापतो आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्थाही अंदाज देते. कोकणात तिथीच्या पाऊणपटीनं भरतीची वेळ काढायचा हिशोब चालतो, पण तो त्या किनाऱ्याचा आहे. काकिनाड्याला तो लावू नका.

आणखी एक बारकावा आहे. बंगालच्या उपसागराच्या या किनाऱ्यावर पाण्याची सरासरी पातळी वर्षभर सारखी नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती सर्वांत वर असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत खाली. त्यामुळे तिथी तीच असली तरी नोव्हेंबरात चिखल कमी उघडा पडतो, मार्चमध्ये जास्त. नोव्हेंबर आणि मार्चचे आकडे शेजारी ठेवताना हे लक्षात असू द्या. या नोव्हेंबरची तुलना पुढच्या नोव्हेंबरशी करणं केव्हाही बरं. वाराही पाणी ढकलतो, म्हणून तक्त्यातली पातळी आणि प्रत्यक्ष दिसलेली पातळी दोन्ही लिहा. एखाद्या जुन्या खांबावर किंवा जेट्टीवर कायमची खूण ठरवली की पाणी तिच्या वर होतं की खाली, एवढं लिहिणं पुरतं.

नावाड्याशी वेळ ठरवताना दोन तेलुगू शब्द उपयोगी पडतात: ‘पोटु’ म्हणजे भरती, ‘आटु’ म्हणजे ओहोटी. कुठल्या पाण्याला कुठली खाडी होडीला चालते हे तिथल्या कोळ्यांना तक्त्याविना ठाऊक असतं. त्यांना विचारा. पक्षी कुठे बसतात हेही ते सांगतात, आणि बहुतेक वेळा अगदी नेमकं.

वर्षाची आखणी

ऑगस्टपासून मोठे, प्रौढ वेडर उतरू लागतात. काहींच्या अंगावर विणीच्या रंगाचे अवशेष असतात. त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं मागाहून, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, तेव्हा या काळातल्या काही मोजण्या बुडणार हे गृहीत धरा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत संख्या सर्वांत स्थिर असते. वर्षातून एकच मोजणी शक्य असेल तर ती इथे ठेवा. देशभरातली आशियाई पाणपक्षी गणनाही जानेवारीतच होते. मार्च-एप्रिलमध्ये पक्षी रंग पालटतात, लठ्ठ होतात आणि थव्याथव्यानं निघतात.

मे-जून कुणी मोजत नाही. मोजावेत, असं माझं ठाम मत आहे. वेडरांच्या कित्येक जातींतली पहिल्या वर्षाची पिल्लं उत्तरेला जात नाहीत, इथेच उन्हाळा काढतात. त्यांची संख्या आधीचा वीण हंगाम कसा गेला याचा अंदाज देते. उकाडा भयंकर असतो, पक्षी थोडे असतात, आणि म्हणूनच ती नोंद दुर्मीळ असते.

मोजायचं कसं

पोचल्याबरोबर मोजायला सुरुवात करू नका. आधी पूर्ण थव्यावरून एकदा नजर फिरवा: किती जाती दिसतात, थवा कुठून कुठवर पसरला आहे, कुठला भाग आडोशामागे आहे. मग एका टोकापासून सुरू करा आणि दुसऱ्या टोकाला थांबा.

शे-दोनशे पक्षी असतील तर एकेक मोजा. त्याहून जास्त असतील तर आधी दहा पक्षी नेमके मोजा, ते दुर्बिणीत केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा आणि त्या मापानं पुढे सरका. हजारांत असतील तर शंभराचं माप घ्या. थव्याच्या मध्यभागी पक्षी दाट असतात आणि कडेला विरळ, त्यामुळे माप वाटेत दोन-तीनदा तपासून घ्यावं लागतं. नवख्यांचा आकडा दाट थव्यात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी येतो. घरी सराव करायचा असेल तर थव्याचा फोटो पडद्यावर लावा, अर्ध्या मिनिटात अंदाज लिहा, मग प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देत खरा आकडा काढा. असे वीस-तीस फोटो झाले की आपली चूक कुठल्या बाजूला आणि साधारण किती असते ते कळतं.

मिश्र थवा आला की आधी सगळे मिळून किती ते मोजा. मग थव्यात निरनिराळ्या ठिकाणी शंभर-शंभर पक्षी घेऊन त्यात कोणती जात किती ते पाहा आणि त्या प्रमाणात एकूण आकडा वाटा. हे नमुने एकाच कडेचे घेऊ नका. विसावलेले वेडर पायांच्या लांबीप्रमाणे उभे राहतात. गॉडविट आणि शेकाटे पाण्यात, चिखल्या आणि टिलवे कोरड्यावर. फक्त जवळची कड पाहिली तर गॉडविट गायबच होतील.

प्रत्येक थवा दोनदा मोजा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजा आणि तिन्ही आकडे लिहा. दोघेजण असाल तर एकमेकांना आकडा न सांगता मोजा आणि नंतरच जुळवा. वहीत अंदाजाला अंदाजच म्हणा: ‘सुमारे 1200, शंभराच्या मापानं’ अशी नोंद प्रामाणिक असते, ‘1187’ ही त्याच परिस्थितीत नसते.

उजेडाचं भान ठेवा. काकिनाड्याच्या किनाऱ्यावरून उपसागर पूर्वेला आहे, म्हणजे सकाळी सूर्य थेट तोंडावर आणि पक्षी काळ्या आकृत्यांसारखे दिसतात. जमिनीवरून मोजायचं असेल तर दुपारनंतरची भरती निवडा. सकाळीच मोजायचं असेल तर सूर्य वर येऊन बाजूला सरकेपर्यंत थांबा.

शून्य लिहा

दीर्घकाळाच्या नोंदीत सर्वांत जास्त वगळली जाणारी गोष्ट म्हणजे शून्य. जागा नीट पाहिली आणि पाणचिरा दिसला नाही, तर ‘पाणचिरा 0’ लिहा. जागा पाहिलीच नाही, तर रकाना कोरा ठेवा आणि ‘मोजलं नाही’ असं शेजारी लिहा. वीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला हा फरक दुसऱ्या कुठूनच कळणार नाही.

एक नमुना नोंद देतो. आकडे केवळ दाखवण्यापुरते आहेत.

तुकडा 3, दांड्याची आतली बाजू, होडीतून. पौष वद्य तृतीया. निरीक्षक दोन. सुरुवात 10.30, शेवट 12.05. तक्त्यानुसार पूर्ण भरती 11.20. पाणी खांबाच्या खुणेच्या थोडं खाली. वारा ईशान्येचा, मध्यम. उजेड उजवीकडून, दृष्टी स्वच्छ. तुकडा पूर्ण पाहिला. कोरल 62, एकेक मोजले. ग्रेट नॉट सुमारे 340, दहाच्या मापानं, दोनदा मोजले: 330 आणि 350. छोटे वेडर, जात ओळखली नाही, सुमारे 700. पाणचिरा 0. तपकिरी डोक्याचे कुरव 118. त्रास: 11.05 वाजता ससाणा आला, थवा उठून चार मिनिटांत परत बसला. दोन कुत्री दक्षिण टोकाला.

‘जात ओळखली नाही’ असं लिहिताना कचरू नका. चुकीचं नाव घातलेला आकडा पुढच्या सगळ्या हिशोबात मिसळतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही.

ओळख हळूहळू वाढवा

पहिल्या हिवाळ्यात सहज कळणारे पक्षी पक्के करा: चित्रबलाक, पांढरा शराटी, शेकाट्या, कोरल, पाणचिरा, काळ्या डोक्याचा खंड्या, ब्राह्मणी घार. दुसऱ्या वर्षी गॉडविट, टर्नस्टोन, नदी सुरय आणि इतर सुरय. छोट्या वेडरांना वेळ द्या. ग्रेट नॉट ओळखताना आकार, जरा लांबट आणि किंचित खाली झुकलेली चोच, छातीवरचे काळसर ठिपके, आणि उडताना दिसणारी फिकट कंबर हे सगळं एकत्र पाहा.

नावं बदलतात हेही ध्यानात असू द्या. ज्याला सगळे लेसर सँड प्लवर म्हणायचे त्या चिखल्याच्या 2023 साली ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळानं सैबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती केल्या. त्याआधीच्या नोंदी कुठल्या जातीच्या हे आता फोटोंवरूनच ठरवावं लागतं. दर मोजणीला थव्याचे आणि जवळच्या पक्ष्यांचे थोडे फोटो काढून तारीख आणि तुकड्याच्या क्रमांकासह जपून ठेवा, मग ते सुंदर असोत वा नसोत.

पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं तर कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, कुठला रंग वर आणि कुठला खाली, अक्षरं वाचता आली का, हे लिहा आणि फोटोसह बीएनएचएसला कळवा. प्रत्येक देशाला आणि काही ठिकाणांना ठरलेली रंगजोडी असते, त्यामुळे अक्षरं वाचता आली नाहीत तरी पक्षी कुठून आला ते पुष्कळदा कळतं.

साहित्य, परवानगी, होडी

8×42 किंवा 10×42 ची दुर्बीण पुरते. चिखलावरच्या मोजणीला 20 ते 60 पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप आणि जड तिवई लागते. गटात एक असला तरी चालतो, पण दर वर्षी तोच वापरा, कारण साधन सुधारलं की आकडा आपोआप वाढतो. बदललं तर वहीत लिहा. बोटानं दाबून मोजायचा छोटा गणक (टॅली काउंटर) स्वस्त मिळतो आणि फार उपयोगी पडतो. वही पेन्सिलीनं लिहा. खाऱ्या पाण्यात शाई पसरते.

अभयारण्यात नियमित मोजणी करायची तर आंध्र प्रदेश वन विभागाची लेखी परवानगी घ्या. होप आयलंडवर उतरण्याआधी तर नक्कीच. जवळचं मोठं रेल्वे स्थानक सामलकोट आहे. तिथून काकिनाडा आणि पुढे यानमच्या रस्त्यानं कोरिंगा. होडीत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं. परतीची वेळ ओहोटीवरून ठरवा: पाणी झपाट्यानं ओसरतं आणि होडी चिखलात रुतली की पुढची भरती येईपर्यंत तिथेच बसावं लागतं. ओल्या चिखलात पायी शिरू नका. नोव्हेंबर 1996 च्या चक्रीवादळानं गोदावरीच्या शाखांमधल्या याच कोनसीमा भागात फार मोठी जीवितहानी केली. हवामान खात्याचा इशारा असेल तर त्या महिन्याच्या रकान्यात ‘मोजलं नाही’ लिहा आणि घरी थांबा.

विसावलेल्या थव्याजवळ किती जायचं? पक्षी खाणं किंवा झोप सोडून मान वर करू लागले की थांबायचं, आणि चालू लागले की मागे यायचं. हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाण महाग पडतं. उडत्या थव्याच्या फोटोसाठी त्यांना उठवणं अक्षम्य आहे. वाळूवर सुरय आणि चिखल्या उघड्यावर अंडी घालतात, ती दिसतही नाहीत. विणीच्या काळात भरतीच्या रेषेच्या वर फिरू नका. घरट्यांचं नेमकं ठिकाण कुठेही टाकू नका. हिवाळ्याच्या अखेरीस ऑलिव्ह रिडले कासवं याच दांड्यावर येतात, तेव्हा रात्री विजेरी लावून किनाऱ्यावर जाऊ नये.

आकडे कुठे द्यायचे

जानेवारीची मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेच्या राज्य समन्वयकाकडे द्या. 1987 पासून चालत आलेल्या या गणनेत तुमचा तुकडा एकदा स्थळ म्हणून नोंदला गेला की पुढे दर वर्षी तो आकडा मागितला जातो, आणि खंड पडायची शक्यता घटते. उरलेल्या मोजण्या ई-बर्डवर प्रत्येक तुकड्याची वेगळी, पूर्ण यादी म्हणून घाला. आकड्याच्या जागी ‘आहे’ एवढंच सांगणारी फुली टाकू नका. तिचा या कामात उपयोग नाही. भरतीची उंची, पाण्याची खूण, त्रास हे शेऱ्यात लिहा.

तुमचा आकडा कसा वापरला जातो ते माहीत असावं. एखाद्या जागेवर नियमितपणे 20,000 पाणपक्षी असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तिथे येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची असल्याचा रामसर कराराचा निकष पूर्ण होतो. ‘नियमितपणे’ हा शब्द एका भेटीतल्या आकड्यानं सिद्ध होत नाही. बंदर वाढवायचं असो, मत्स्यतळी खोदायची असोत, कोर्टात किंवा सुनावणीत लागोपाठच्या वर्षांचे एकाच पद्धतीनं घेतलेले आकडे मांडणाऱ्याचं ऐकलं जातं.

मूळ वह्यांचे फोटो काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. तुकड्यांचा नकाशा, उभं राहायच्या जागा, तिथीचा नियम, मोजायची पद्धत हे सगळं दोन पानांत लिहून पहिल्या वहीला चिकटवा. आणि पहिल्या वर्षापासूनच कुणातरी तरुणाला सोबत घ्या, शक्यतो तिथल्याच गावातल्या. काम त्याच्या हाती सोपवायच्या आधी किमान एक पूर्ण हिवाळा दोघांनी शेजारी उभं राहून, वेगवेगळं मोजून, आकडे ताडून बघा. तुमचे 500 आणि त्याचे 400 यांतला ठरावीक फरक एकदा वहीत उतरला की माणूस बदलला तरी नोंद तुटत नाही.